रोजच्या वस्तूंचा वाडा



इतिहासावरचे व्याख्यान इतिहासाच्या अभ्यासकाने द्यावे, असा आपल्याकडे संकेत आहे आणि तो योग्यही आहे. आम्ही तसे अभ्यासक नव्हे. आमचे शाळेतले शिक्षण दहावीला संपले. त्यापुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या फाटकावरच्या सभांत, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात तारखेची वाट पाहत बसलो असता आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तरीही व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, याचे आम्हांला फारसे नवल वाटत नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि तो कित्ता गिरवीत गावोगावी अशा माला निघाल्या, त्या ज्ञान चार भिंतींतून चौकात यावे म्हणून. चौकात आलेल्या ज्ञानाला चौकातल्या माणसाने दोन प्रश्न विचारावेत, हे त्या परंपरेला धरूनच आहे.

आज आम्ही बोलणार आहोत ते पुण्याच्या शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयाविषयी. आपल्यापैकी अनेकांनी ते पाहिले असेल. शाळेच्या सहलीत पाहिले असेल, किंवा परगावचे पाहुणे आले तेव्हा त्यांच्या निमित्ताने पाहिले असेल. आम्ही ते वेळोवेळी पाहिले, आणि प्रत्येक वेळी दोन प्रश्न घेऊन बाहेर पडलो. ही वस्तू वापरीत कोण होते, हा पहिला प्रश्न. ती घडविली कोणी आणि तिची निगा राखली कोणी, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर संग्रहालय भरभरून देते. दुसऱ्याचे उत्तर शोधणे हे आपले काम आहे, आणि त्याच कामासाठी आजचे हे बोलणे आहे.

आपण शाळेत शिकतो तो इतिहास बहुतेक लढायांचा आणि तहांचा असतो. पानिपतचे साल १७६१, हे शाळकरी पोरही सांगेल. परंतु त्याच १७६१ साली पुण्यातल्या एखाद्या घरी दिवेलागण झाली, तेव्हा दिवा कशाचा होता, त्यात तेल कोणते होते, त्या उजेडात कोण काय करीत बसले होते आणि चूल विझल्यावर भांडी कोणी घासली, हे विचारले तर आपण एकमेकांच्या तोंडाकडे पाहू. लढाई वर्षा-दोन वर्षांतून एकदा होई. चूल मात्र रोज पेटत असे. जे रोज घडते ते कोणी लिहून ठेवीत नाही, कारण ते सर्वांना ठाऊकच असते. मग दोन पिढ्या जातात आणि ते कोणालाच ठाऊक राहत नाही.

ही उणीव युरोपात प्रथम ध्यानी आली ती एकोणिसाव्या शतकात. यंत्रे आली, खेडी ओस पडू लागली, आगगाडीने शहरातला स्वस्त माल खेड्यात नेला आणि हाताने केलेल्या वस्तू अडगळीत गेल्या. स्वीडनमध्ये आर्टुर हाझेलियस नावाच्या गृहस्थांनी शेतकऱ्यांच्या घरातले कपडे, अवजारे आणि सामानसुमान गोळा करण्यास आरंभ केला. १८७३ साली त्यांनी स्टॉकहोममध्ये तो संग्रह लोकांना खुला केला. १८९१ साली तर जुनी घरेच्या घरे सोडवून आणून स्कॅनसेन नावाचे उघड्यावरचे संग्रहालय उभे केले. लंडनमध्ये शोरडिच नावाचा भाग आहे. तेथे लाकडी सामान घडविणाऱ्या सुतारांची मोठी वस्ती होती. त्या वस्तीत १७१४ साली बांधलेली अनाथ वृद्धांची एक जुनी धर्मशाळा होती. लंडन काउंटी कौन्सिलने १९१४ साली तिच्यात घरगुती सामानाचे संग्रहालय उघडले, ते आसपासच्या सुतारांना जुने उत्तम काम डोळ्यांनी पाहता यावे, त्यावरून शिकता यावे, यासाठी. ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. ज्याने वस्तू घडवायची त्याला मानाने आत बोलावून ती दाखविणे, हा त्या संग्रहालयाचा मूळ हेतू होता.

आपल्याकडे हे काम कोणत्या सरकारने किंवा संस्थानाने आरंभिले नाही. ते एका कवीने केले. दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १८९६ सालचा. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. सुमारे १९२० पासून त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा लहानपणीच गेला, आणि पुढे या संग्रहाला त्याचे नाव मिळाले. म्हणून ते ‘राजा केळकर संग्रहालय’. पत्नी कमलाबाई यांच्या साथीने केळकरांनी सारे आयुष्य या कामात घातले. कोठे वाडा पाडला जात आहे, कोठे जुनी तांब्यापितळेची भांडी मोडीत निघत आहेत, असे कानावर आले की हे तेथे हजर. पुढे त्यांनी हा सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. १९८० साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९९० साली ते गेले. आज तेथे वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. त्यांतल्या सुमारे अडीच हजार मांडलेल्या आहेत. म्हणजे आठांतली एक आपल्याला दिसते. एका सामान्य माणसाने पदरमोड करून हे केले. ज्या काळात लोक पितळेचे दिवे मोडीच्या भावाने विकून विजेचे दिवे आणीत होते, त्या काळात या माणसाला मोडीतल्या दिव्याची किंमत कळली.

संग्रहालयाची जागा म्हणजे पुण्याच्या जुन्या पेठेतला वाडा. पुढे त्यात फेरफार झाले, मजले वाढले, तरी वाड्याचे वळण लपत नाही. आत शिरताच जागोजागी कोरीव दरवाजे, खिडक्या, खांब दिसतात. कोथरूडला मस्तानीचा म्हणून जो महाल सांगत, त्याचे राहिलेले अवशेषही केळकरांनी आणून येथे पुन्हा जुळविले. लोक बहुधा त्या महालापुढे जास्त वेळ उभे राहतात. त्यांना आमचे सांगणे आहे की, महाल अवश्य पाहा. परंतु घाई करायची असेल तर ती महालापाशी करा. दिवे, अडकित्ते आणि भांडी यांच्यापाशी मात्र सावकाश चाला.

दिव्यांच्या दालनात किती तऱ्हा आहेत! समया आहेत, साखळीने टांगायचे लामणदिवे आहेत, नीरांजने आहेत, हातात दिवा घेऊन उभ्या राहिलेल्या दीपलक्ष्मी आहेत. अडकित्ता ही तशी पाहिली तर सुपारी कातरण्याची साधी कात्री. परंतु येथे कोणाची घोड्याच्या आकाराची, कोणाची मोराच्या, कोणाची स्त्रीपुरुषांच्या जोडीची. पाय घासायच्या वज्रीवर पाखरे बसविलेली आहेत. फण्या, कलमदाने, पानाचे डबे, कुलपे, शेवयांचे सोरे, खेळातल्या सोंगट्या आणि गंजिफा, लहान मुलांची खेळणी, वाद्ये. पाहता पाहता मनात येते की आपले पूर्वज दिसतात तितके रूक्ष नव्हते. ज्या वस्तूला दिवसातून दहा वेळा हात लागायचा, ती हाताला आणि डोळ्याला गोड लागावी, असे त्यांना वाटत होते. सुपारी कातरायला घोडा लागत नाही. तरी तो केला, कारण करणाऱ्याला तो करावासा वाटला आणि घेणाऱ्याला तो परवडला. यातले ‘परवडला’ हे पद मात्र आपण विसरता कामा नये.

एका रविवारी आम्ही आमच्या युनियनचे वीसएक सभासद घेऊन हे संग्रहालय पाहावयास गेलो होतो. ओतशाळेतले कामगार, सुतारकाम करणारे, इस्पितळात आणि कचेऱ्यांत साफसफाई करणाऱ्या बाया, असा मेळ होता. मोठी मौज अशी की प्रत्येक जण आपापल्या कामापाशी थांबला. सुतार दरवाज्याच्या सांध्यापाशी वाकून बसले. ओतशाळेतला एक जुना कामगार एका पितळी दिव्यापुढे बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, “अण्णा, हे ओतकाम बघा. कुठं हवा धरलेली नाही. ज्यानं ओतलं त्याचा हात बसलेला होता.” त्याने दिव्याचे शतक विचारले नाही, की तो कोणत्या सरदाराचा हे विचारले नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या आपल्या भाऊबंदाला त्याने कामावरून ओळखले.

स्वयंपाकाच्या भांड्यांपाशी सफाई काम करणाऱ्या एका बाईंनी हंडे, पातेली, पराती नजरेने मोजल्या आणि विचारले, “अण्णा, ही एवढी भांडी रोज घासत कोण होतं?” मंडळी हसली. आम्हांला मात्र हसू आले नाही, कारण प्रश्न अगदी नेमका होता. पेशवाईतल्या मोठ्या घरांत राबणाऱ्या स्त्रियांत पुष्कळ कुणबिणी होत्या. कुणबीण म्हणजे बटीक, विकत घेतलेली दासी. पेशवेकालीन कागदपत्रांत त्यांच्या खरेदीविक्रीच्या नोंदी सापडतात. कंपनी सरकारच्या कायद्याने गुलामगिरीचा आधार काढून घेतला तो १८४३ साली. म्हणजे ज्या काळातली भांडी आपण कौतुकाने पाहतो, त्या काळात ती लखलखीत ठेवणारे हात कित्येकदा विकत घेतलेले होते. भांडे उरले आणि काचेत बसले. ते घासून तळ झिजविणारी बाई कोण, तिचे नाव काय, हे कोणालाच सांगता येत नाही. तिच्या हाताची खूण एवढीच, की तळ झिजलेला आहे.

आता घडविणाऱ्याची गोष्ट. संग्रहालयातून कसबा पेठेकडे चालत गेले की तांबट आळी लागते. पेशवाईत पुण्याची वाढ झाली, तशी कारागिरांची वस्ती वाढली. तांबट आळी, शिंपी आळी, बुरूड आळी, कुंभारवाडा ही नावे आजही पुणेकरांच्या तोंडी आहेत. माणसाचे नाव बुडाले तरी धंद्याचे नाव रस्त्याला राहिले. तांबटाचे काम पाहावे. तांब्याचा पत्रा भट्टीत तापवून मऊ करायचा, ठोकून आकार द्यायचा, ठोकता ठोकता तो कडक झाला की पुन्हा तापवायचा, पुन्हा ठोकायचा. शेवटी मठारकाम, म्हणजे हातोडीचे एकसारखे घाव ओळीने घालीत सबंध अंगावर बारीक ठसे उमटवायचे. त्याने भांडे चकाकते आणि पत्रा बळकटही होतो. पाहणाऱ्याला ती नक्षी वाटते. खरे तर ती मोजलेली मेहनत आहे. एकेक ठसा म्हणजे हातोडीचा एकेक घाव. एका हंड्यावर किती ठसे आहेत ते मोजावे, म्हणजे एका हंड्याला खांदा किती वेळा वर उचलावा लागला याचा हिशेब लागेल.

या ठोकण्याची किंमत कानाने द्यावी लागते. आवाजाने येणारे बहिरेपण हा धंद्याचा रोग आहे, हे कारखान्याच्या कायद्याने मानले, ते १९८७ च्या दुरुस्तीने. तेही कारखान्यातल्या कामगारापुरते. घरच्या ओसरीवर ठोकत बसलेल्या कारागिराला त्या कायद्याची सावली कधी मिळाली नाही. पुढे ॲल्युमिनियम आले, स्टेनलेस स्टील आले. घराघरांतली तांब्यापितळेची भांडी मोडीत गेली, आणि तांबटाच्या मुलाने दुसरा धंदा पाहिला. जी भांडी मोडीत गेली नाहीत ती केळकरांनी वाचविली. तांबटाचा धंदा वाचविणे हे एका माणसाच्या हातचे काम नव्हते.

यात संग्राहकाला दोष देण्याचा आमचा हेतू नाही, हे स्पष्ट सांगतो. वस्तूखालच्या पाटीवर वस्तूचे नाव, ती कशाची, कोणत्या प्रांताची, कोणत्या शतकातली, एवढेच लिहिता येते, कारण तेवढेच मागे राहिलेले असते. अडकित्ता करणाऱ्याने त्यावर आपले नाव कोरले नाही. त्याला ते लिहिता येत नसेल, किंवा आपले नाव कोरण्याजोगे आहे असे त्याला कोणी कधी भासू दिले नसेल. शिवाय मागे काय उरते, याचाही विचार केला पाहिजे. पितळ उरते, सागवान उरते, हस्तिदंत उरते. गरिबाच्या घरातले मातीचे मडके फुटते, घोंगडी झिजते, केरसुणी जळणात जाते. गरिबाची वस्तू मोडेपर्यंत वापरली जाते, म्हणून ती संग्रहालयापर्यंत पोहोचत नाही. रोजच्या जीवनाचे संग्रहालय म्हणून आपण जे पाहतो, ते बहुतांशी ज्यांच्या घरी वस्तू उरण्याइतकी सुबत्ता होती त्यांच्या रोजच्या जीवनाचे असते.

मग ज्यांच्या वस्तू उरल्या नाहीत, त्यांचा इतिहास कायमचा बुडाला काय? तसे नाही, आणि याचा पुरावा पुण्यातच आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ या दोघा अभ्यासकांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावांतून लाखाहून अधिक ओव्या जमल्या. जाते ही तशी मुकी वस्तू. दोन दगड आणि एक खुंटा. संग्रहालयात ठेवले तर त्यापुढे कोणी दोन क्षणही थांबणार नाही. परंतु त्या दगडांभोवती पहाटे उठून दळणाऱ्या बायांनी माहेर, सासर, भाऊ, लेक, देव, बाबासाहेब आंबेडकर, असे सगळे जग गाऊन ठेवले होते. आणि येथे गाणारीच्या नावासह आणि गावासह ते टिपून ठेवले गेले. केवळ वस्तू जपली असती तर दगड उरला असता. वापरणारीला विचारले, म्हणून माणूस उरला. ही गिरणी येण्याआधीची शेवटची पिढी होती. थोडा उशीर झाला असता, तर विचारायला कोणी राहिले नसते.

आता पुन्हा दिव्यांकडे येऊ, कारण दिव्याचा आणि आम्हां कामगारांचा एक जुना हिशेब आहे. समईच्या उजेडात पोथी वाचता येते, सुपारी कातरता येते, परंतु माग चालविता येत नाही. म्हणून तेलाच्या दिव्याच्या काळात सूर्य मावळला की बहुतेक काम थांबे. मुंबईत गिरण्या निघाल्या, तेव्हा सुरुवातीस त्याही उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालत. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ च्या सप्टेंबरात गिरणी कामगारांच्या सभा झाल्या. साडेपाच हजार कामगारांनी सह्या केलेल्या अर्जात त्यांनी काय मागितले? रविवारी सुट्टी असावी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती असावी, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे, आणि पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. म्हणजे निदान सूर्याचे तरी ऐका, एवढेच त्यांचे मागणे होते. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले. १९०५ च्या तेजीत त्या उजेडात काम चौदापंधरा तासांवर गेले, आणि त्याविरुद्ध कामगारांनी संप केले. जो दिवा घरात सोय म्हणून आला, तोच कारखान्यात सूर्य मावळू न देणारा झाला. १९११ च्या कायद्याने पुरुषांचे काम बारा तासांवर आणले, १९२२ त अकरा झाले, १९३४ त दहा, आणि १९४८ च्या कायद्याने दिवसाचे नऊ व आठवड्याचे अठ्ठेचाळीस. दर खेपेला मधे सभा, संप, खटले आणि उपाशी राहिलेली घरे आहेत.

साप्ताहिक सुट्टीची गोष्टही अशीच. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. त्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची सुट्टी मान्य केली. आमचे सभासद संग्रहालय पाहावयास आले ते रविवारी. तो रविवारसुद्धा कोणीतरी घडविलेला आहे. दिवा काचेच्या कपाटात ठेवता येतो, रविवार ठेवता येत नाही. म्हणून तो आपोआप मिळालेला आहे, असे लोकांना वाटू लागते. जी गोष्ट आपोआप मिळाली असे वाटते, ती हातची जाताना माणूस भांडत नाही. रोजच्या जीवनाचा इतिहास सांगायचा, तो यासाठी.

तर मग ज्या लाखो माणसांनी या महाराष्ट्राचे कापड विणले, त्यांचे रोजचे जीवन कोठे ठेवले आहे? गिरणगावातली खोली आठवा. बी. डी. डी. चाळीतली खोली एकशेसाठ चौरस फुटांची. त्या चाळी १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या. एकेका खोलीत कोकणातल्या, घाटावरच्या एकाच गावचे दहादहा, पंधरापंधरा गडी राहत. दिवसपाळीवाला कामावर गेला की त्याच जागेवर रातपाळीवाला पाठ टेकी. प्रत्येकाची एक पत्र्याची पेटी, एक वळकटी, भिंतीवर एक खुंटी. दाराशी कोपऱ्यात मोरी, वर फळीवर देव. भजनाचे टाळ आणि मृदंग सगळ्यांचे मिळून. जेवण खानावळीत. ती खानावळ चालविणारी बाई कोणा गिरणी कामगाराचीच बायको किंवा विधवा. तिच्या हातच्या भाकरीवर गिरणी चालत होती, पण गिरणीच्या कोणत्याही हजेरीपटावर तिचे नाव नव्हते. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून अशा बायांची संघटना बांधली, तेव्हा कोठे त्या कामगार म्हणून मोजल्या जाऊ लागल्या.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा सार्वत्रिक संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार संपात होते. त्यानंतर गिरण्यांचे आणि गिरणगावाचे काय झाले ते आपण जाणता. गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. चाळींचाही पुनर्विकास हाती घेतला गेला. ज्यांनी एकशेसाठ चौरस फुटांत जन्म काढला, त्यांना मोठे घर मिळावे यात आम्हांला आनंदच आहे. चाळ जशीच्या तशी राहावी, असे चाळीत न राहिलेल्या माणसानेच म्हणावे. परंतु घर बदलताना पेटी भंगारात जाते, स्टोव्ह भंगारात जातो, गिरणीचा पितळी बिल्ला पोरांच्या खेळण्यात हरवतो. मोठमोठे वाडे पडत असताना केळकर दारात जाऊन उभे राहिले. चाळी पडत असताना दारात कोण उभे आहे?

हे काम होऊ शकते. डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनमध्ये, कामगारांनी १८७९ साली वर्गणी जमवून स्वतःची सभागृहाची इमारत बांधली होती. १९८० च्या दशकाच्या आरंभी, म्हणजे आपल्याकडे गिरणी संप चालू होता जवळपास त्याच सुमारास, त्या जुन्या इमारतीत कामगारांच्या जीवनाचे संग्रहालय निघाले. आम्ही ते पाहिलेले नाही, वाचून सांगतो. तेथे एका साध्या मजुराच्या कुटुंबाचे बिऱ्हाड जसेच्या तसे मांडले आहे. ते कुटुंब १८८५ पासून १९९० पर्यंत शहरात राहिले. शेवटच्या वारसाने घरातले सगळे सामान संग्रहालयाला दिले. त्यात कोणाचे सिंहासन नाही. टेबल आहे, खाटा आहेत, भांडी आहेत, आणि ती वापरणाऱ्यांची नावे आहेत. लोक रांगेने येऊन ते पाहतात, कारण त्यात त्यांना आपले आजोबा-आजी दिसतात.

आमचे मागणे फार मोठे नाही. सरकारने काय करावे, याची यादी आमच्यापाशी आहे आणि ती आम्ही योग्य त्या कचेरीत देतच असतो. येथे आपल्यापुढे, नगरवासीयांपुढे, आम्ही तीन गोष्टी ठेवतो. पहिली ही, की आपापल्या गावच्या वाचनालयाने एक कपाट यासाठी मोकळे करावे. विडी कामगाराचे सूप, हातमागाचा धोटा, तमालपत्राइतका बारीक झालेला विळा, हमालाचा आकडा, युनियनची पावतीपुस्तके, बंद पडलेल्या कारखान्याचे हजेरीकार्ड, हे त्यात यावे. दुसरी ही, की वस्तू घेताना ती देणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला तासभर बोलते करावे आणि ते लिहून घ्यावे. जात्यावरच्या ओव्या गोळा करणाऱ्यांनी ही रीत घालून दिलेली आहे. आणि तिसरी ही, की पाटी लिहिताना वस्तूच्या नावाखाली एक ओळ अधिक लिहावी: घडविणारा कोण, वापरणारा कोण. नाव ठाऊक असेल तर नाव, नसेल तर निदान धंदा आणि गाव.

पुण्याला गेलात तर केळकर संग्रहालयात जरूर जा. मुलांना बरोबर न्या. अडकित्त्यांपुढे त्यांना उभे करा आणि त्यांनी ‘हा कोणाचा?’ असे विचारले की सरदाराचे किंवा सावकाराचे नाव सांगून थांबू नका. लोहाराविषयीही दोन शब्द सांगा. आणि घरी परत आल्यावर माळ्यावरची ती पत्र्याची पेटी एकदा खाली काढा. आत वडिलांचा किंवा आजोबांचा बिल्ला सापडला, तर त्याला एक चिठ्ठी बांधा. नाव, गाव, कोणत्या खात्यात, कोणत्या साली लागले, कोणत्या साली सुटले. एवढ्या पाच गोष्टी लिहायला पाच मिनिटे पुरतात. त्या सांगू शकणारे माणूस अजून आपल्या घरात बसलेले आहे, तोवर हे काम उरकून घ्यावे, इतकी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.